पऱ्हाट्या, तुराट्या, कुटार: सैपाकाला काय जाळावं आणि कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कळमेश्वर तालुक्यात सात एकर शेती: चार एकर कपाशी, तिच्यात तुरीचे तास, दोन एकर सोयाबीन, एक एकर संत्रा. घरात पाच माणसं, दोन बैल, एक गाय. सिलिंडर जेमतेम महिनाभर पुरतं आणि इकडे दरवर्षी पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेटवून द्याव्या लागतात. मातीच्या चुलीत आईने सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) घालून पाहिलं तर नुसता धूर झाला. तर कोणती चूल घ्यावी, पेलेट (भुगा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) करायचं छोटं यंत्र घ्यावं का, आणि उरलेली राख संत्र्याला घातली तर चालेल का?

भाऊ, तुम्ही चुलीबद्दल विचारलंय, पण तुमची अडचण चुलीची कमी आणि जळणाची जास्त आहे. जळण कशाचं, किती वाळलेलं आणि केवढ्या तुकड्यांचं हे ठरलं की चूल आपोआप ठरते. उलटं केलं की महागडी चूल चार महिन्यांत कोठ्यात जाऊन पडते. बाकी पुष्कळ गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत: सैपाकघर बंद आहे की ओसरीत, आईंना बसून सैपाक जमतो की उभ्याने, रोज दहा-पंधरा मिनिटं काड्या तोडायला कोणी आहे का. त्या तुम्हीच ठरवा. मी हिशोब आणि कारणं सांगतो.

आधी धूर का झाला ते. काडी जळते म्हणजे लाकूड थेट जळत नाही. तापल्यावर तिच्या वजनातला सत्तरएक टक्के भाग वायू होऊन बाहेर पडतो, आणि तो वायू जळतो त्याला आपण ज्वाळ म्हणतो. मागे कोळसा आणि राख राहते. वायू जळायला त्याच्या वरच्या बाजूला पुरेशी हवा लागते, भरपूर उष्णता लागते आणि वायू-हवा मिसळायला थोडी जागा लागते. यातलं काही कमी पडलं की तो न जळता बाहेर येतो, आणि तोच डोळ्यांत जातो. कुटार चुलीत घातलं की दाबून बसतं, मधून हवा फिरत नाही. आतून ते तापत राहतं, वायू सुटत राहतो, पण त्याला पेटवणारी ज्वाळ वर नसते. मग आपण फुंकणीने फुंकतो, क्षणभर भडका होतो आणि पुन्हा धूर. यात आईंची चूक नाही, कुटाराची जागाच ती नव्हे.

दुसरं कारण ओल. जानेवारीत उपटलेल्या हिरव्या पऱ्हाटीत निम्म्याच्या आसपास पाणी असतं. वाळलेल्या काडीत, म्हणजे दहा-बारा टक्के ओल असताना, किलोमागे साधारण ३,५०० ते ३,८०० किलोकॅलरी उष्णता मिळते. तीस टक्के ओल असेल तर ती २,६०० वर येते. पण खरं नुकसान या आकड्यात दिसत नाही. पाण्याची वाफ करण्यात ज्वाळेचं तापमान पडतं, आणि ज्वाळ थंड झाली की वायू अर्धवट जळतो. म्हणून ओली काडी कमी आच देते आणि वर धूरही जास्त करते. तीस टक्के ओलीच्या जळणावर कितीही भारी चूल आणली तरी ती मातीच्या चुलीसारखीच वागते.

आता हिशोब करू. १४.२ किलोचं सिलिंडर महिनाभर जातं म्हणजे भांड्यात दिवसाला साधारण ३,३०० किलोकॅलरी उष्णता पोचते. तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीत जळणातली दहा टक्के उष्णता भांड्याला लागते, बाकी भिंतीला आणि हवेला. त्या हिशोबाने रोज आठ-नऊ किलो काड्या लागतील, वर्षाला तीन टन. सुधारित चुलींसाठी भारतीय मानक आहे, आयएस १३१५२. त्यात पंखा नसलेल्या चुलीला किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला किमान ३५ टक्के कार्यक्षमता मागितली आहे. २५ टक्क्यांच्या चुलीत रोज साडेतीन किलो, वर्षाला सव्वा टन. ३५ टक्क्यांच्या चुलीत रोज अडीच किलो, वर्षाला एक टनाहून थोडं कमी. हे प्रयोगशाळेतले आकडे, घरी थोडं जास्तच लागतं. एका एकरात वाळलेल्या पऱ्हाट्या टनाच्या आसपास निघतात. म्हणजे चार एकरांपैकी दीड-दोन एकरांच्या पऱ्हाट्या चांगल्या चुलीला पुरून उरतात. बाकीच्या बारीक करून जमिनीतच जाऊ द्या, सगळं घरी वाहून आणायची गरज नाही.

या हिशोबात एक गोष्ट बहुतेक जण धरत नाहीत: आंघोळीचं पाणी. हिवाळ्यात नागपूरकडे सकाळचं पाणी हाताला बोचतं. चार जणांना वीस-वीस लिटर, म्हणजे ऐंशी लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायचं तर २,००० किलोकॅलरी लागतात. दिवसभराच्या सैपाकाच्या निम्म्याहून जास्त! तुम्ही ते गॅसवर तापवत असाल तर सिलिंडर तिथेच संपतंय. म्हणून माझा पहिला सल्ला असा की सैपाकघराला हात लावण्याआधी अंगणातला बंब पऱ्हाट्यांवर आणा. बंबाला धुराडं असतंच, काम उघड्यावर असतं, आच कमी-जास्त करायची नसते, आणि आखूड तोडलेल्या काड्या तिथे बिनतक्रार चालतात. जनावरांचं आंबोणही बाहेरच शिजवा. एवढ्यानेच किती फरक पडतो ते एका हिवाळ्यात कळेल, आणि चूल घ्यायची की नाही हा निर्णय सोपा होईल.

तुमच्याकडच्या मालाची वर्गवारी करू. पऱ्हाटी म्हणजे जवळजवळ लाकूडच, तिच्यावर कोळसाही चांगला पडतो. तुराटी म्हणजे तुरीची काडी, हलकी, लवकर पेटणारी, पोळ्यांच्या वेळी झटपट आच देणारी. पेटवणीसाठी तिच्यासारखं काही नाही, पण नुसत्या तुराट्यांवर वरण शिजवायला बसलात तर चुलीपासून हलता येणार नाही. संत्र्याच्या छाटणीचं लाकूड सगळ्यांत जड आणि टिकाऊ, मात्र त्याला वाळायला तीन-चार महिने द्या. सोयाबीन आणि हरभऱ्याचं कुटार जाळू नका. बैलांना घाला, उरलं तर संत्र्याच्या आळ्यात आच्छादन करा. ते जाळण्यात हातखर्चही निघत नाही. फार तर गोवऱ्या थापताना शेणात मिसळा, गोवरी सुटसुटीत होते आणि लवकर वाळते.

मौदा, रामटेककडे नातेवाईक असतील तर धानाचं तूस मिळेल. तुसात राखच पंधरा-वीस टक्के, आणि तीही सिलिकाची. साध्या चुलीत ते जळत नाही. पण त्याच्या राखेचा एक उत्तम उपयोग आहे, तो पुढे येईल.

पऱ्हाट्या घरी आणण्यात एक खोच आहे आणि ती शेतीची आहे. गुलाबी बोंडअळी न उघडलेल्या, किडक्या बोंडांत आणि कवड्यांत (किडीने चिकटून राहिलेल्या कापसात) सुप्त अवस्थेत पडून राहते आणि पावसाळ्याच्या तोंडावर तिचे पतंग बाहेर पडतात. धुऱ्यावर किंवा घरामागे बोंडांसकट रचलेली गंजी म्हणजे पुढच्या हंगामासाठी पाळलेली अळीच. तेव्हा फरदड (हंगामानंतर पीक राखून घेतलेला जादा कापूस) न घेता वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटायच्या चिमट्याने त्या उपटा. रचण्याआधी उरलेली बोंडं झाडून वेगळी करा आणि तीच आधी बंबात जाळून टाका. काड्यांचे तुकडेही उन्हाळा संपायच्या आत करून ठेवा. पावसाळ्यापर्यंत सबंध पऱ्हाटीची गंजी उभी राहिली नाही पाहिजे.

मुळं बुडापासून तोडून टाका. मुळांना चिकटलेली काळी माती चुलीत गेली की जाळीवर ढेकळं बसतात आणि हवेची वाट बंद होते. धुऱ्यावर मुळं वेगळी पडू द्या, काड्याच आणा.

वाळवण्याला नागपूरचं ऊन फुकटचं आहे, मार्च ते मे. पऱ्हाट्या उभ्या टेकवून किंवा पातळ पसरून ठेवल्या तर एप्रिलअखेर ओल दहा-बारा टक्क्यांवर येते. तपासायचं कसं? बोटाएवढी काडी वाकवा. काटकन आवाज करून तुटली तर वाळली, चिवटपणे वाकली आणि सालीला लोंबत राहिली तर नाही. खात्री हवी तर अर्धा किलो तुकडे तोलून पत्र्यावर तळपत्या उन्हात ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत रोज तोला. पन्नास-साठ ग्रॅम उतरले तर ठीक, शंभरावर उतरले तर माल अजून ओला आहे. हे फक्त उन्हाळ्यातच विश्वासाचं, पावसाळ्यात ऊन ओल काढू शकत नाही.

खरी परीक्षा पावसाळ्याची. बाहेर पडलेली वाळकी काडी जुलैत पुन्हा पाणी पिते. चार महिन्यांचा साठा म्हणजे साडेतीन किलो रोजच्या हिशोबाने सव्वाचारशे किलो. तुकडे केलेला हा माल साधारण सात फूट लांब, पाच फूट रुंद आणि तीन फूट उंच जागेत बसतो. त्याखाली विटा-बांबू घालून जमिनीपासून वीतभर उंच ठेवा, नाहीतर वाळवी लागते. ताडपत्री फक्त वरून टाका, बाजू उघड्या राहू द्या. चारी बाजूंनी गुंडाळलं की आत घाम येतो आणि बुरशी धरते. गोठ्यापासून आणि कौलांपासून अंतर ठेवा, ठिणगी आणि साप-विंचू दोन्हींसाठी. काढताना हात घालू नका, आधी काठीने हलवा.

आता तोडणी. कडबा कुट्टी यंत्रात पऱ्हाटी घालायचा मोह होतो. शेंड्याकडचा भाग आणि तुराट्या जातात, पण बुडाकडचा अंगठ्याएवढा भाग सुऱ्यांच्या धारेला खातो. शिवाय पऱ्हाटीची साल तागासारखी चिवट, अर्धवट ओली असेल तर रोळांना गुंडाळते आणि यंत्र कोंडतं. कोंडलेलं यंत्र चालू ठेवून हाताने साल ओढणं हा बोटं जाण्याचा हमखास मार्ग आहे. आधी बंद करा, तार काढा, मग हात लावा. साल पूर्ण वाळून ठिसूळ झाली की गुंडाळण्याचा त्रास बराच कमी होतो, म्हणून तोडणी एप्रिल-मेमध्येच. बुडाचा भाग ओंडक्यावर ठेवून कोयत्याने तोडलेला बरा.

इथवरचं लक्षात ठेवायचं ते एवढंच: बंब आधी पऱ्हाट्यांवर, कुटार जनावरांना, बोंडं काढून काड्या वाळवायच्या, उन्हाळ्यात तोडायच्या, पावसाळ्याला झाकायच्या. चूल याच्यानंतर.

तुमची मातीची चूल आहे ती फेकू नका. तिच्यात सगळ्यांत स्वस्त सुधारणा म्हणजे जाळी. आठ मिलिमीटरच्या सळया बोटभर अंतराने जोडून वेल्डिंगवाल्याकडून जाळी करून घ्या आणि ती चुलीच्या तळापासून चार बोटं वर बसवा. काड्या जाळीवर, हवा जाळीखालून. काड्या जमिनीवर पडलेल्या असतात तेव्हा राख त्यांना गुदमरवते आणि हवा वरून वरून निघून जाते. दुसरी सुधारणा म्हणजे भांडं आणि चुलीचा काठ यांच्यातलं अंतर. बहुतेक चुलींत भांडं टेकायचे तीन गोटे एवढे उंच असतात की ज्वाळ भांड्याला शिवून बाजूने पळते. हे अंतर बोटाच्या जाडीएवढं, एक ते सव्वा सेंटिमीटर हवं. याहून कमी केलं तर धूर तोंडातून मागे येईल. सैपाकघर बंद असेल तर चार इंची धुराडं लागेलच, आणि ते छपराच्या आढ्याच्या दोन फूट वर न्या, नाहीतर वारा धूर खाली ढकलतो. महिन्यातून एकदा काठीला चिंध्या बांधून ते झाडा. काजळी साठली की पहिली तक्रार "चूल धूर करते" हीच येते, आणि दोष चुलीला लागतो.

तुमच्या मालाला सगळ्यांत जवळची म्हणजे रॉकेट चूल. आडव्या नळीतून काड्या आत सरकवायच्या, त्या टोकाला जळतात आणि ज्वाळ उभ्या नळीतून वर खेचली जाते. ती वायूला जळायला लागणारी उंची आणि उष्णता देते, म्हणून धूर जवळजवळ दिसत नाही. काड्या वीतभर लांब चालतात, तोडणी कमी. ही घरी बांधता येते. पंधरा किलोचा तेलाचा डबा घ्या. आतली नळी कुंभाराकडून करून घ्या, चार इंच व्यासाची, इंग्रजी एल अक्षरासारखी. मातीत मापाने निम्मं तूस मिसळायला सांगा. भट्टीत तूस जळून जातं, मातीत बारीक भोकं राहतात आणि नळी उष्णता धरून ठेवते. तळाशी तुसाच्या राखेची पाच सेंटिमीटर भर टाका, त्यावर नळी ठेवा. तिथून वरच्या तोंडापर्यंत उंची २८ ते ३० सेंटिमीटर आली पाहिजे. डबा आणि नळी यांच्यामधली सगळी पोकळी तुसाच्या राखेने भरा.

चुका इथेच होतात. राखेऐवजी माती किंवा वाळू भरली तर ती पहिला अर्धा तास नुसती तापत बसते आणि तोवर सैपाक अडतो. कच्चं तूस भरलं तर ते आत धुमसतं. पत्र्याची नळी वापरली तर काही महिन्यांत आतून झिजून फाटते. आणि तोंडात पत्र्याची फळी बसवायची विसरू नका: काड्या फळीच्या वर, हवा फळीच्या खालून. तोंड काड्यांनी गच्च भरलं की रॉकेट चूलही धुरकटते, निम्म्याहून जास्त कधीच भरायचं नाही. गंजाभोवती, म्हणजे पातेल्याभोवती, पत्र्याचं कडं लावा, भांड्यापासून बोटभर अंतरावर, म्हणजे वर जाणारी गरम हवा गंजाच्या बाजूलाही घासत जाते आणि वरण लवकर शिजतं.

पण रॉकेट चुलीत एक दुखणं आहे आणि विकणारा ते सांगत नाही. तिची ज्वाळ मधोमध टोकदार येते. वरण, भात, भाजी उत्तम. ज्वारीची भाकरी मात्र तव्याच्या मध्यावर करपते आणि कडा कच्च्या राहतात. शिवाय मातीच्या चुलीत भाकरी तव्यावरून काढून तोंडाशी निखाऱ्यावर फुगवतात. रॉकेट चुलीला निखाऱ्याचं तोंडच नाही. घरातल्या बायकांनी नवी चूल नाकारली की पुरुष म्हणतात सवय नाही. सवयीचा प्रश्न नसतो, भाकरी बिघडते. उपाय दोन: जाड बिडाचा तवा, आणि तव्याखाली दोन-तीन सेंटिमीटर जास्त उंची, म्हणजे ज्वाळ पसरते. फुगवायला तारेची जाळी थेट ज्वाळेवर. तरी आईंना पटलं नाही तर भाकरी-पोळी गॅसवर किंवा जुन्या चुलीवर राहू द्या. सगळा सैपाक एकाच चुलीवर झाला पाहिजे असा नियम नाही.

तिसरा प्रकार पंख्याची चूल, म्हणजे वरून पेटवायची गॅसिफायर. डबा एकदा भरायचा, वरून पेटवायचा, आग हळूहळू खाली उतरते, खालून सुटलेला वायू वरच्या भोकांतून येणाऱ्या हवेत निळसर ज्वाळेने जळतो. एका भरणात साधारण एक किलो, पाऊण ते एक तास. तुकडे मात्र इंच-दीड इंचाचेच लागतात, म्हणजे तोडणी जास्त. भरताना वरच्या भोकांच्या दोन बोटं खाली थांबा. भोकांवर माल गेला की ज्वाळ बाहेर फेकते आणि धूर होतो. वर तुराटीच्या बारीक काड्या आणि तेलात बुडवलेला गोवरीचा तुकडा ठेवा, पेटवा, पहिली तीन मिनिटं पंखा अगदी मंद, मग वाढवा. प्लॅस्टिक, ठिबकच्या नळ्या, टायरचे तुकडे पेटवणीला कधीच नको, ज्या भांड्यात आपण खाणार त्याखाली ते जळतं. पंख्याला दोन-तीन वॅट लागतात, बारा व्होल्टची सात एएचची बॅटरी रोज दोन-अडीच तास वापरली तर आठवडाभर जाते. मधेच माल घालता येत नाही ही तिची मोठी मर्यादा. वरण शिजायच्या पाच मिनिटं आधी ज्वाळ संपली की चिडचिड होते, म्हणून कोणत्या पदार्थाला किती भरण लागतं याचा अंदाज यायला पंधरा दिवस द्या.

ज्वाळ संपल्यावर आत लाल कोळसा राहतो. धूर नाही म्हणून धोका नाही असं समजू नका. जळता कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला रंग नाही, वास नाही. हिवाळ्यात ऊब म्हणून ती चूल किंवा शेगडी दार लावून खोलीत ठेवणं जिवावर बेतू शकतं. कोळसा लगेच झाकणाच्या डब्यात ओता, घट्ट बंद करा, विझतो. तो पानगे, रोडगे भाजायला किंवा इस्त्रीला कामी येतो.

तूस किंवा लाकडाचा भुसा फुकट मिळत असेल तर भुशाची शेगडी करा, आंबोणासाठी आणि पाण्यासाठी. डब्याच्या बुडाशी बाजूला दोन इंचांचं भोक पाडा. त्यातून एक गुळगुळीत काठी मध्यापर्यंत आडवी सारा, मध्यावर दुसरी उभी धरा. भोवती भुसा दोन-दोन इंचांचा थर देत घट्ट ठोका. मग काठ्या फिरवत फिरवत अलगद काढा, मागे बोगदा राहतो. खालच्या भोकातून तुराटी पेटवून सारा, दोनएक तास एकसारखी आच मिळते. नुसतं तूस धरून राहत नाही, ढासळतं. नागपुरातल्या लकडगंजच्या आरागिरण्यांतला लाकडाचा भुसा निम्मा मिसळा. पेटल्यावर शेगडी हलवू नका, बोगदा कोसळला की तिचं काम संपलं. ही घराबाहेरच वापरा.

चूल विकत घेणार असाल तर दुकानात एक चाचणी मागा. तुमच्याच पऱ्हाट्या घेऊन जा. पाच लिटर पाणी झाकण घालून उकळायला किती जळण लागलं ते तोलून पाहा. मातीच्या चुलीला एक किलोच्या आसपास लागतं. चांगल्या चुलीला चारशे ग्रॅममध्ये झालं पाहिजे. विकणारा त्याच्याच पेलेटवर दाखवतो म्हणाला तर ते तुमच्या उपयोगाचं नाही.

आता पेलेटच्या यंत्राचं. घराला वर्षाला फार तर सव्वा टन जळण लागतं. ताशी पन्नास किलो काढणारं लहान यंत्रही ते पंचवीस तासांत काढेल. वर्षातले पंचवीस तास चालणाऱ्या यंत्रासाठी साडेसात-दहा अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर, आधी भुगा करणारी वेगळी चक्की, ओल बरोबर दहा-बारा टक्क्यांवर ठेवण्याची उस्तवार आणि झिजणाऱ्या डायचा (पेलेट ज्यातून निघतं त्या भोकांच्या साच्याचा) खर्च, हे गणित घरासाठी बसत नाही. ओल जास्त झाली तर पेलेट भुसभुशीत होतं, कमी झाली तर डाय जाम होते. वीस-पंचवीस शेतकऱ्यांनी मिळून विक्रीसाठी काढायचं असेल तर प्रश्न वेगळा. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात पाच टक्के बायोमास पेलेट मिसळावेत असं धोरण काढलं, आणि मौदा, कोराडी, खापरखेडा ही केंद्रं तुमच्या जिल्ह्यातच आहेत. पण तिथे माल नेण्याआधी वाहतुकीचा हिशोब करा. मोकळ्या पऱ्हाट्यांची ट्रॉली डोंगराएवढी दिसते आणि काट्यावर थोडीच भरते.

तुमच्याकडे तीन जनावरं आहेत म्हणून गोबरगॅसचा विचार मनात येईल. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं. तीन जनावरांवर एक घनमीटरचं चालेल, पण जनावरं दिवसभर शेतात असतात तेव्हा तिथलं शेण घरी येत नाही हे धरा. पऱ्हाट्या किंवा कुटार त्यात टाकू नका, ते लवकर कुजत नाही, वर तरंगून जाड थर धरतं आणि वायू अडवतं.

राहिली राख. पऱ्हाट्यांच्या राखेत पालाश चांगला, पण राख अल्कधर्मी असते आणि आपली काळी जमीन आधीच चुनखडीची, सामू (पीएच) साडेसातच्या वर. त्यामुळे संत्र्याच्या आळ्यात घमेलंभर राख ओतली तर पालाश मिळण्याऐवजी लोह-जस्त अडून पानं पिवळी पडायची शक्यता जास्त. शेणखताच्या उकिरड्यावर आठवड्याची राख पातळ पसरून टाका, ढीग एका जागी नको. संत्र्याखाली थेट टाकायचीच असेल तर झाडामागे मूठ-दोन मूठ, तीही बुंध्यापासून लांब, आणि पानं हिरवी असतील तरच.